दुपारी तीन वाजता बंद पडणारा एसी

बाबांच्या खोलीतला एसी बिघडला त्या दिवशी तो बंद पडला नव्हता. वारा येत होता, रिमोटवर २४ दिसत होतं, पाती वरखाली होत होती. फक्त बाबांची मान घामाने चिकचिकली होती. मांडीचं हाड मोडल्यामुळे ते पलंगावरून हलू शकत नव्हते, म्हणजे दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचा प्रश्नच नव्हता. बाहेर ४२ अंश तापमान होतं. "अगं, हा नुसता पंखा झालाय," ते म्हणाले, आणि माझ्या पोटात गोळा आला. म्हाताऱ्या माणसाला तहान आणि उकाडा दोन्ही उशिरा कळतात. बाबा बोलले म्हणजे खोली बऱ्याच वेळापासून तापलेली होती.

तिथून पुढचे सात आठवडे मी त्या एसीच्या मागे होते. माझी तक्रार पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच होती, कूलिंग होत नाही. पण त्या एका तक्रारीआड वेगवेगळे बिघाड एकामागे एक दडलेले होते, आणि एक दूर झाला की मगच दुसरा दिसायचा.

सुरुवात जाळीपासून झाली. इनडोअरचं झाकण वर केलं तर फिल्टरच्या जाळीवर धुळीची गोधडी बसली होती. बाबा आजारी पडल्यापासून तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं. साध्या पाण्याने दोन्ही जाळ्या धुतल्या, सावलीत वाळवल्या आणि परत बसवल्या. वारा लगेच वाढला. जाळी तुंबली की खोलीतली गरम हवा आतल्या कॉइलपर्यंत, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांपर्यंत, नीट पोचत नाही, कॉइलचा गारवा तिथल्या तिथे राहतो आणि खोली तापलेलीच राहते. त्या संध्याकाळी बाबा शांत झोपले. एवढंच होतं तर, असं मला वाटलं.

पण मनात शंका होती. बाबांचा ताप, रक्तदाब आणि औषधं लिहायची एक वही होती. तिच्या मागच्या पानांवर मी एसीच्याही नोंदी लिहायला लागले. घरात दोन छोटे डिजिटल थर्मामीटर होते. एक इनडोअरच्या वर धरायचा, जिथून तो खोलीतली हवा आत ओढतो, आणि दुसरा खाली, जिथून गार हवा बाहेर पडते. एसी सुरू करून पंधरा-वीस मिनिटं झाली की दोन्ही आकडे वाचायचे आणि वजाबाकी करायची. तब्येत चांगली असलेल्या एसीत हा फरक साधारण ८ ते १२ अंश असतो. माझ्या पहिल्या नोंदीत आत जाणारी हवा ३१ आणि बाहेर येणारी २४ होती. फरक ७. जाळी धुतल्यानंतरचा.

तिसऱ्या रात्री पहाटे टपटप आवाजाने जाग आली. इनडोअरमधून फरशीवर पाणी गळत होतं. रात्री बाबांजवळ थांबणाऱ्या मावशींनी, खोली लवकर गार व्हावी म्हणून, रिमोट १६ वर नेऊन ठेवला होता. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण आमचा एसी साध्या कॉम्प्रेसरचा (गॅस दाबून फिरवणाऱ्या यंत्राचा) आहे. तो चालू असतो किंवा बंद असतो, मधला वेग त्याला नाही. १६ केल्याने तो जास्त जोरात गार करत नाही, फक्त थांबायचं विसरतो. झाकण उघडलं तर आतली कॉइल पांढरी पडलेली, बर्फाने लिंपल्यासारखी. मी कूलिंग बंद केलं, नुसता पंखा चालू ठेवला आणि खाली बादली लावली. बर्फ खरवडून काढायची इच्छा झाली होती. बरं झालं काढला नाही, कारण ॲल्युमिनियमच्या त्या पातळ पात्या आणि त्यांतून जाणारी तांब्याची नळी बोटभर हिसक्यानेही दुखावते. बर्फ पूर्ण वितळायला दोन तास लागले. तो वितळण्याआधीच मोबाइलवर फोटो काढले, आणि बाल्कनीत जाऊन आउटडोअरच्या पाइपांचेही काढले. का काढले तेव्हा सांगता आलं नसतं, पण पुढे तेच कामी आले.

पहिला मेकॅनिक दोन दिवसांनी आला. त्याने आउटडोअरला दाब मोजायचा गेज लावला, "गॅस संपलाय," म्हणाला, सिलिंडर जोडला आणि वीस मिनिटांत मोकळा झाला. मी विचारलं, "गॅस गेला कुठे?" तो म्हणाला, "उन्हाळ्यात कमी होतोच, ताई."

या वाक्यावर मी विश्वास ठेवला याचं मला आजही वाईट वाटतं. एसीतला गॅस इंधनासारखा जळत नाही. तो एका बंद नळीत फिरत राहतो. आत खोलीची उष्णता घेऊन त्याची वाफ होते, बाहेर ती उष्णता टाकून तो पुन्हा द्रव होतो, आणि हेच चक्र चालत राहतं. घरातला फ्रिज आठवून पाहा. वर्षानुवर्षं चालतो, त्यात दर उन्हाळ्याला कुणी गॅस भरत नाही. गॅस कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी बाहेर गेला. ती जागा न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी ओतणं.

वहीने ते दाखवून दिलं. गॅस भरल्यावर आठवडाभर फरक ११ होता. मग १०, पुन्हा १०, ९, ८. सोळाव्या दिवशी ६. बाबांचा रक्तदाब पुढच्या पानांवर सुधारत होता आणि मागच्या पानांवर एसी रोज थोडा थोडा ढासळत होता.

दुसऱ्या वेळी मी एका वयस्कर मेकॅनिकना बोलावलं. त्यांना मी काका म्हणायचे, इथेही काकाच म्हणते. ते संध्याकाळी आले. हत्यारांची पेटी उघडण्याआधी त्यांनी वही मागून घेतली आणि खिडकीशी उभं राहून वाचली. मग विचारलं, "बर्फ कोणत्या पाइपवर होता, ताई? बारीक की जाड?"

मी फोटो दाखवला. आउटडोअरजवळच्या बारीक पाइपवर आणि त्याच्या व्हॉल्व्हवर पांढरा थर होता. काकांनी मान हलवली. नुसती जाळी तुंबली किंवा ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, मंदावला, तर गार वाफ परत नेणारा जाड पाइप गोठायला लागतो. आमच्या एसीसारखी कॅपिलरी (गॅसचा दाब पाडणारी अगदी बारीक नळी) आउटडोअरमध्येच असली आणि बारीक पाइपवर बर्फ आला, तर गॅस कमी असल्याचा संशय आधी घ्यायचा. गॅस कमी झाला की आतला दाब पडतो. दाब पडला की गॅस आणखी कमी तापमानाला उकळतो. ते तापमान शून्याखाली गेलं की हवेतली वाफ कॉइलवर पाणी होऊन थांबत नाही, तिचा बर्फ होतो. त्यांनी गेज लावून मला दाखवला. ७८ पीएसआय (दाबाचं माप). आमच्या एसीतला गॅस आर-३२, आणि त्या दाबाला तो उणे सात अंशांच्या आसपास उकळतो. बर्फ येणारच. शिवाय तो वितळला की पाणी खालच्या तसराळ्यात मावत नाही आणि फरशीवर येतं. पाणी गळतंय ही तक्रार आणि कूलिंग होत नाही ही तक्रार एकच होती, हे मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी गळतीची जागा शोधली. आधी नुसत्या डोळ्यांनी. कॉम्प्रेसरचं थोडं तेल गॅसबरोबर नळीतून फिरत असतं, त्यामुळे गॅस गळतो तिथे तेलाचा ओशट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. जाड पाइपच्या नटाखाली तसा काळपट डाग होता. त्यावर साबणाचा दाट फेस लावून आम्ही दोघं बॅटरीच्या उजेडात बघत बसलो. अर्धा मिनिट काहीच नाही. मग फेसातून एक बारीक बुडबुडा वर आला, फुगला, फुटला. थोड्या वेळाने दुसरा. एवढ्याशा बुडबुड्यासाठी बाबा महिनाभर तळमळत होते.

नट पूर्वी कधीतरी गरजेपेक्षा जास्त आवळला होता, त्यामुळे आतल्या तांब्याच्या नळीचं फुलवलेलं तोंड तडकलं होतं. काकांनी उरलेला गॅस हवेत सोडला नाही, रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला. हा गॅस हवेत सोडणं साधी गोष्ट नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो आर-३२ वातावरणात सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. तो थोडा ज्वलनशीलही असतो, म्हणून काम संपेपर्यंत बाल्कनीची दारं सताड उघडी होती आणि देवघरातला दिवा त्यांनी मला विझवायला लावला.

तडकलेलं तोंड कापून नवीन फ्लेअर केली, म्हणजे नळीचं तोंड नव्याने फुलवलं, नट बेताने आवळला. नायट्रोजन भरून दाब स्थिर राहतो का हे अर्धा तास पाहिलं. काटा हलला नाही. मग व्हॅक्यूम पंप लावला. मला वाटलं होतं पंप फक्त हवा काढतो. तो नळीतला ओलावाही काढतो, कारण दाब इतका खाली गेला की पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जातं. मीटरवर ५०० मायक्रॉनच्या (इतक्या कमी दाबाचं माप) खाली आकडा येईपर्यंत काका थांबले, मग पंप बंद करून तो आकडा परत चढतो का हेही पाहिलं. शेवटी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला आणि आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलंय तेवढे ग्रॅम मोजून गॅस भरला. पहिल्या मेकॅनिकने वजन केलंच नव्हतं. गॅस जास्त झाला तरी एसीला त्रासच होतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. सगळ्याला तीन तास लागले. त्या रात्री वहीत ११ लिहिलं.

पाच दिवस छान गेले. सहाव्या दिवशी दुपारी २:५० ला गार हवा थांबली.

पंखा चालू, कूलिंग शून्य. ३:४० ला आपोआप पुन्हा सुरू, चारच्या सुमारास पुन्हा तेच. संध्याकाळी सहानंतर जणू काही झालंच नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी घाबरून रिमोटने बंद-चालू, बंद-चालू करत राहिले. अशा वेळी करू नये अशी हीच गोष्ट आहे. कॉम्प्रेसर थांबल्यावर नळीच्या दोन बाजूंचे दाब सारखे व्हायला वेळ लागतो, म्हणून त्याला निदान तीन मिनिटं विश्रांती द्यायची असते. बहुतेक एसी ती स्वतःच घेतात, पण प्रत्येक फसलेल्या सुरुवातीत त्याची मोटर आणखी तापते.

त्या दुपारी बाबांसाठी मी जे जमेल ते केलं. पडदे ओढले, टॉवेल ओला करून हातपाय आणि मान पुसत राहिले आणि त्या ओल्या अंगावर पंख्याचा वारा घेतला. खोली फार तापली की कोरड्या अंगावर नुसता पंखा गरम हवाच फेकतो, ओल्या अंगावर मात्र त्याचा उपयोग होतो. दर अर्ध्या तासाने दोन घोट पाणी, मागितलं नाही तरी. आणि वहीत वेळ लिहीत गेले. कधी थांबला, कधी सुरू झाला.

काकांना फोनवर त्या वेळा वाचून दाखवल्या तेव्हा ते लगेच म्हणाले, "मग मी दुपारीच येतो. संध्याकाळी येऊन काय बघणार?" इतकी साधी गोष्ट, पण मला ती फार मोलाची वाटली. उन्हाळ्यात मेकॅनिकची वेळ मिळते ती बहुधा सकाळची किंवा दिवस कलल्यावरची, आणि तोपर्यंत बिघाड लपून बसलेला असतो. एसी चालताना पाहून "ठीक आहे की" म्हणून माणूस निघून जातो.

दुपारी तीनला ते आले आणि थेट बाल्कनीत गेले. आउटडोअरला ऊन लागू नये म्हणून मी स्वतःच समोर जाड चादर टांगली होती. शेजारी जुनं कपाट होतं. काकांनी चादरीच्या आत हात घातला आणि मलाही घालायला सांगितला. भट्टीच. आउटडोअर समोरून जी गरम हवा फेकतो ती चादरीला अडून कपाटाला वळसा घालून मागे येत होती, आणि तीच तो पुन्हा आत ओढत होता. माझा थर्मामीटर मागच्या जाळीशी धरला तर ५१ अंश. एसीवर लिहिलेली टनाची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ आणि आत २७ अंश धरून. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं माप), दिवसभरात सुमारे ९०७ किलो बर्फ वितळवण्याइतकी उष्णता, हा बर्फाच्या लाद्यांनी गारवा मिळवायच्या जमान्यातला हिशेब. पण बाहेर ३५ च्या जागी ५१ असेल तर आमच्या दीड टनातलं पूर्ण दीड टन हाती लागणं शक्य नव्हतं. दाब वाढतो, वीज जास्त खेचली जाते, कॉम्प्रेसर तापतो आणि त्याचा ओव्हरलोड स्विच त्याला वाचवण्यासाठी बंद करतो. गार झाला की पुन्हा सुरू.

सावली द्यायची तर वर लांब छत असावं, समोर आणि मागे मोकळं. चादर काढली, कपाट हलवलं. मेन स्विच बंद करून काकांनी आउटडोअर उघडला. मागच्या पात्यांत धुळीचा आणि कबुतरांच्या पिसांचा नमदा बसला होता. त्यांनी हलक्या धारेने आतून बाहेर पाणी मारून तो काढला, जोराच्या फवाऱ्याने पात्या मुडपतात म्हणून.

यानंतर सगळं सुरळीत होईल अशी माझी खात्री होती. काकांची नव्हती. त्यांनी एसी लावला आणि ओठांवर बोट ठेवलं. आउटडोअरमधून हूंऽऽ असा दबका आवाज आला, तीन-चार सेकंद टिकला आणि टिक्. थांबला. पंखा मात्र फिरत राहिला. "हात धरा," ते म्हणाले. पंख्याचा वारा होता, पण गरम नव्हता, बाहेरच्या हवेइतकाच. "आतली उष्णता इथून बाहेर यायला पाहिजे. ती येत नाही म्हणजे कॉम्प्रेसर उठलेला नाही."

दोष कपॅसिटरचा निघाला. काकांनी मेन बंद असतानाही आधी तो रिकामा केला, मगच हात लावला. वीज तोडल्यावरही त्यात भार साठलेला असतो आणि त्याचा झटका जबर बसतो, त्यामुळे हे काम घरच्यांनी करायचं नाही असं त्यांनी मला दोनदा बजावलं. वरचं झाकण किंचित फुगलं होतं. अंगावर ५० मायक्रोफॅरड (कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) लिहिलेलं, मीटरवर ३६. हा डबा कॉम्प्रेसरच्या मोटरला फिरायला लागण्यासाठी आणि फिरत राहण्यासाठी आधार देतो. तो अशक्त झाला तरी संध्याकाळी, दाब कमी असताना, मोटर कशीबशी उठायची. दुपारी दाब चढलेला असताना तिला जोर पुरायचा नाही. तसंच चालू राहिलं असतं तर मोटर जळाली असती. नवीन कपॅसिटर बसवल्यावर पहिल्याच प्रयत्नात कॉम्प्रेसर सुरू झाला, आणि विजेचा प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवरचा आकडा आउटडोअरच्या पट्टीवरच्या आकड्याशी जुळला.

त्यानंतर एकदाच पाणी गळलं. या वेळी मी आधी कॉइल पाहिली, बर्फ नव्हता, फरक ११ होता. म्हणजे हे दुखणं वेगळं. ड्रेन पाइपात शेवाळाचा बुळबुळीत गोळा अडकला होता. पाइपचं टोकही बाल्कनीतल्या भरलेल्या बादलीत बुडालेलं होतं, त्यामुळे आतली हवा कोंडून पाणी अडत होतं. पाइप साफ केला, टोक वितभर कापलं, काम झालं.

दमट दिवसांत त्या पाइपातून किती पाणी येतं हे बघून मला आश्चर्य वाटायचं. आधुनिक एसीचा जनक मानला जाणारा अमेरिकन इंजिनिअर विलिस कॅरिअर, त्याने १९०२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली ती माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हती. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत, म्हणून हवेतला ओलावा काबूत ठेवायचा होता. बाबांच्या बाबतीतही तेच दिसलं. हवा कोरडी असली की २६ वर त्यांना पुरेसं वाटतं, वर हळू पंखा लावला की ते पांघरूण मागतात.

आता वहीत आठवड्यातून एकच नोंद असते. दर दुसऱ्या रविवारी जाळ्या धुते. परवा दुपारी बाबा वॉकर घेऊन पहिल्यांदा बाल्कनीपर्यंत गेले. ऊन रणरणत होतं, मी त्यांना आत बोलवत होते. त्यांनी एक हात वॉकरवरून सोडला, आउटडोअरसमोर धरला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"चांगला गरम वारा येतोय," म्हणाले, आणि वळले.